रायफलीचा बोल्ट: चांगला कशाला म्हणायचं आणि भरवशाचा कशाला?

डिसेंबर २०२५च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने सव्वाचार लाखांहून अधिक नव्या कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या रायफली, घेण्याचा करार केला. डिझाइन पाषाणच्या एआरडीईचं, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेचं. मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे, उरलेला पीएलआर सिस्टिम्सकडे. बातम्यांमध्ये २,७७० कोटींचा आकडा आला, संख्या आली, फोटो आले. पण ज्यांच्या घरातलं कोणी सैन्यात आहे त्यांचा प्रश्न साधा असतो: ऐन वेळी अडकणार नाही ना? इन्सास रायफलींच्या मॅगझिनना कारगिलच्या थंडीत तडे गेल्याचं लोक अजून विसरलेले नाहीत, त्यामुळे ही धास्ती उगाच नाही.

रायफल अडकते की चालते, याचा बराचसा निकाल तिच्या पोटातल्या एका मूठभर आकाराच्या पोलादी जोडणीवर लागतो. तिला बोल्ट कॅरियर ग्रुप म्हणतात. अमेरिकेत हा भाग सुटा मिळतो, शंभर डॉलरच्या आतबाहेर ते तीनशे डॉलरपर्यंत, आणि दिसायला सगळे जवळपास सारखे. मग फरक कशात? हे समजून घेण्यासाठी मी अमेरिकेच्या एम-१६ आणि एआर-१५ या घराण्याचंच उदाहरण घेतो. या रायफलीच्या चुका, चौकशा आणि चाचण्या जितक्या उघडपणे नोंदल्या गेल्यात तितक्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या शस्त्राच्या नोंदल्या गेल्या असतील.

आधी हा भाग करतो तरी काय

ट्रिगर दाबला की फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाशी आदळते, आतली दारू पेटते आणि गोळी नळीतून सुटते. त्या क्षणी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या घरात, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास चार हजार पट दाब तयार होतो. हा दाब गोळीला पुढे ढकलतो तसा पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाला, मागेही रेटतो. ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसात हा मागचा रेटा ढोबळमानाने दोन टनांच्या घरात जातो. सैनिकाचा गाल तिथून हातभरही लांब नसतो.

हा रेटा अडवून धरतो तो बोल्ट. अंगठ्याएवढ्या जाडीचा, तोंडाला सात दाते असलेला पोलादी तुकडा. नळीच्या मागच्या टोकाला याच दात्यांच्या मापाच्या खाचा असतात. बोल्ट आत शिरतो, साडेबावीस अंश फिरतो आणि दाते खाचांमागे अडकतात. आता दाब उतरेपर्यंत तो हलत नाही.

कॅरियर म्हणजे बोल्टला पोटात घेऊन मागेपुढे धावणारा गाडा. नळीला वरच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. गोळी तिथून पुढे गेली की थोडा गॅस त्या छिद्रातून एका पातळ नळीत शिरतो आणि मागे येऊन कॅरियरच्या पोटात फुगतो. कॅरियर मागे सरकतो. त्याच्या अंगातल्या तिरक्या खाचेत कॅम पिन नावाची एक खुंटी असते, ती बोल्टला फिरवून मोकळं करते. बोल्टच्या तोंडाशी एक आकडा असतो, एक्स्ट्रॅक्टर. तो पुंगळी धरून ओढतो, दुसरी एक पिन ती बाहेर फेकते, मागची स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे ढकलते आणि जाता जाता नवं काडतूस आत बसतं. मिनिटाला सातशे ते साडेनऊशे गोळ्या हा या रायफलींचा वेग. एका फेऱ्याला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही.

यूजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात ही रचना केली. गॅस थेट कॅरियरच्या पोटात नेल्यामुळे वेगळा दट्ट्या लागत नाही, रायफल हलकी होते आणि सगळा धक्का नळीच्या सरळ रेषेत मागे जातो. बदल्यात तापलेला, काजळीने भरलेला गॅस नेमका यंत्राच्या आत सोडला जातो. पुढची सगळी चर्चा याच देवाणघेवाणीतून निघते.

पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी

बोल्टला दोन परस्परविरोधी गुण हवेत. दात्यांचा पृष्ठभाग इतका कडक हवा की हजारो वेळा घासूनही झिजू नये. आणि आतला गाभा इतका चिवट हवा की दर गोळीला बसणारा दोन टनांचा दणका सोसून तो तुकडा पडू नये. गावाकडचा लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा हेच साधत असतो: धार कडक, पाठ नरम. सगळाच कोयता धारेइतका कडक केला तर पहिल्या गाठीवर मोडेल.

बोल्टच्या बाबतीत याला केस हार्डनिंग म्हणतात. कमी कार्बनचं पोलाद कार्बनने भरलेल्या वातावरणात तापवतात, कार्बन मिलिमीटरच्या काही अंशाएवढा पृष्ठभागात मुरतो, मग विझवतात, मग पुन्हा बेताने तापवून ताण उतरवतात. भोसरी-चाकणच्या गियर बनवणाऱ्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही 'केस डेप्थ' हा शब्द तोंडपाठ असतो. किती खोलवर कडकपणा गेला, ते माप. गियरच्या दात्याचं जे गणित, तेच बोल्टच्या दात्याचं. केस उथळ राहिली तर दाते दबतात. जास्त खोल गेली तर बारीक दाता आरपार कडक होतो आणि ठिसूळ बनतो.

अमेरिकी लष्कराच्या मूळ आराखड्यात बोल्टसाठी कार्पेंटर १५८ नावाचं पोलाद आहे, कॅरियरसाठी ८६२०. सुट्या भागांच्या बाजारात बोल्टसाठी ९३१० सुद्धा सर्रास वापरतात. या आकड्यांतले शेवटचे दोन अंक कार्बन सांगतात: ८६२० मध्ये साधारण ०.२० टक्के, ९३१० मध्ये ०.१० टक्के. 'कार्पेंटर १५८च खरं, ९३१० म्हणजे दुय्यम' असा एक वाद अमेरिकी नेमबाजांमध्ये कायम रंगलेला असतो. माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी चाललाय. नीट भट्टीतून काढलेलं ९३१० ताकदीत कार्पेंटरच्या तोडीस तोड उतरतं, कदाचित थोडं वरचढही. पण ते जास्त जपून हाताळावं लागतं. तापमान आणि वेळ चुकली की त्याची किंमत बोल्ट चुकवतो. म्हणजे पोलादाच्या नावावरून फार काही कळत नाही, भट्टी कोणाची आणि तिच्यावर लक्ष कोणाचं यावरून कळतं. नेमकी हीच गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते.

यानंतर चांगले उत्पादक बोल्टवर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात, ज्याला शॉट पीनिंग म्हणतात. पृष्ठभाग आतल्या बाजूला दाबला जातो. भेग नेहमी ताणातून सुरू होते, त्यामुळे आधीच दाबलेल्या पृष्ठभागावर ती उशिरा सुरू होते.

आणि बोल्ट मोडतो कुठे? दोन ठरलेल्या जागा आहेत. एक, कॅम पिनसाठी आरपार पाडलेलं भोक, कारण तिथे दोन्ही बाजूंना सर्वांत कमी धातू उरतो. दुसरी, एक्स्ट्रॅक्टरच्या शेजारचे दाते. समान अंतरावर आठ दाते बसले असते, पण आठव्याच्या जागी एक्स्ट्रॅक्टर बसवलाय आणि तो भार घेत नाही. त्यामुळे शेजारच्या दोघांच्या वाट्याला जास्त येतं. आखूड नळीच्या कार्बाइनमध्ये हा ताण आणखी वाढतो. तिथे गॅसचं छिद्र चेंबरच्या जवळ असतं, गॅस जास्त दाबाने आणि लवकर येतो, बोल्टला दाब पुरता उतरण्याआधीच फिरावं लागतं. तोच बोल्ट लांब नळीच्या रायफलीत जितका टिकतो तितका कार्बाइनमध्ये टिकत नाही.

न दिसणारी भेग शोधायची कशी

लष्करी पद्धतीत इथे दोन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी बोल्टवर एक मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस झाडतात. नेहमीचा दाब पंचावन्न ते बासष्ट हजार पीएसआयचा (दर चौरस इंचावर इतके पौंड), तर चाचणीच्या काडतुसाचा सत्तर हजारांच्या आसपास. हेतू हा, की पोलादात कुठे दडलेला दोष असेल तर त्याने आत्ताच तोंड उघडावं.

मग चुंबकीय तपासणी, जिला कारखान्यात सगळे एमपीआय म्हणतात. अंधाऱ्या खोपटात तपासनीस बसलेला असतो. बोल्ट विजेच्या वेटोळ्यात धरून चुंबकित करतात आणि त्यावर चमकणारे बारीक लोहकण मिसळलेला द्रव सोडतात. धातू अखंड असेल तर चुंबकीय रेषा सरळ आतून जातात आणि कण ओघळून जातात. भेग असेल तर त्या जागी रेषा बाहेर फुटते आणि कण तिथेच चिकटतात. जांभळ्या अतिनील दिव्याखाली बोल्ट हळूहळू फिरवला की काळोख्या धातूवर केसाएवढी हिरवी रेघ लकाकते. साध्या उजेडात तीच जागा आरशासारखी स्वच्छ दिसलेली असते. रेघ दिसली की जॉब रिजेक्ट.

तपासणी आधी आणि जास्त दाबाचं काडतूस नंतर, असं केलं तर या सगळ्याला अर्थ उरत नाही. चाचणीमुळेच उघडलेली भेग बोल्टबरोबर बाहेर पडेल.

आता खरा प्रश्न: प्रत्येक बोल्ट तपासला की लॉटमधले काही? स्वस्त मालात बहुतेकदा नमुन्यापुरती तपासणी असते. नमुना तपासणी वाईट नाही. भट्टीच बिघडली असेल तर पूर्ण लॉट सारखाच बिघडतो आणि नमुन्यात सापडतो. पण एखाद्याच सळईत मूळचा दोष असेल, तर तो नमुन्यातून हमखास निसटतो. बोल्टवर तपासणीची खूण म्हणून 'एमपी' ही अक्षरं कोरण्याची पद्धत आहे, पण अक्षरं कोरायला कोणालाच मनाई नसते. खुणेमागे कागद आहे का, आणि त्या कागदावर लॉटचा क्रमांक आहे का, हे विचारायला हवं.

दोन छोटे स्क्रू

एवढ्या न दिसणाऱ्या गोष्टींत एक अशी आहे जी कोणालाही डोळ्यांनी तपासता येते. कॅरियरच्या माथ्यावर गॅस की नावाचा एक भाग असतो, समोरून येणारा गॅस झेलून आत घेणारा. तो दोन स्क्रूंनी आवळलेला असतो. तापणं, निवणं आणि हादरे यांनी हे स्क्रू सैल होऊ पाहतात. एक जरी सैल झाला तर फटीतून गॅस गळतो, कॅरियरला पुरेसा रेटा मिळत नाही, तो अर्ध्या वाटेतून परततो आणि नवं काडतूस उचललंच जात नाही.

म्हणून योग्य ताकदीने आवळल्यावर कडेच्या धातूवर पंच मारून तो धातू स्क्रूच्या डोक्यात दाबून बसवतात. याला स्टेकिंग म्हणतात. नीट केलेल्या कामात धातू खरोखर सरकून स्क्रूच्या दातेरी कडेत रुतलेला दिसतो, प्रत्येक स्क्रूला दोन्ही बाजूंनी. निष्काळजी कामात नुसते ठिपके असतात: धातूवर ठोक्याची खूण आहे, पण स्क्रूला काही भिडलेलं नाही. माझा अनुभव असा, की ज्या कारखान्याने हे चार ठोके मनापासून मारलेत त्याने बाकीची कामंही बहुधा मनापासून केलेली असतात.

"पण सोनेरी लेपवाला जास्त टिकतो म्हणतात"

लष्करी कॅरियर बाहेरून फॉस्फेटचा करडा-काळा असतो आणि आतून क्रोम केलेला. फॉस्फेटचा थर तेल धरून ठेवतो, आतलं क्रोम काजळीला चिकटू देत नाही. दिसायला ही जोडी ओबडधोबड, पण कामाला चोख.

बाजारात त्याखेरीज सोनेरी टायटॅनियम नायट्राइड, चंदेरी निकेल बोरॉन, काळंभोर डीएलसी (हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा थर), नायट्राइड असे अनेक प्रकार आहेत. यांनी घर्षण कमी होतं, पुसायला सोपं जातं, गंज कमी लागतो. हे फायदे खरे आहेत. पण लेपाने कच्चा बोल्ट पक्का होत नाही. उलट निष्काळजीपणे दिलेला लेप पक्का बोल्ट बिघडवू शकतो. नायट्राइडिंग साधारण साडेपाचशे अंश सेल्सियसवर होतं. केस हार्डनिंगनंतरचं टेम्परिंग त्याच्या निम्म्याहूनही कमी तापमानावर केलेलं असतं. म्हणजे मेहनतीने कडक केलेला बोल्ट पुन्हा त्या तापात टाकला तर आधीचा कडकपणा उतरतो. कॅरियरला नायट्राइड चालून जातं, बोल्टच्या बाबतीत मात्र दोनदा विचारावं. विजेच्या साहाय्याने दिलेल्या लेपात वेगळी अडचण: पोलादात हायड्रोजन शिरतो आणि लगेच भट्टीत ठेवून तो बाहेर काढला नाही तर धातू ठिसूळ होतो.

आणि कुठलाही लेप असला तरी तेल लागतंच. गॅस थेट आत सोडणारी ही रचना ओली ठेवली तर काजळीसकट चालते. कोरडी पडली की काजळी चिकटते आणि कॅरियर अडखळत सरकतो.

भाग चांगला असूनही रायफल अडकते: व्हिएतनाम

आतापर्यंत भागाच्या दर्जाबद्दल बोललो. भरवसा ही त्याहून मोठी गोष्ट आहे, आणि ती शिकवणारा धडा फार माणसांच्या जिवावर शिकला गेला.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर एम-१६ व्हिएतनामला पोचली आणि ऐन चकमकीत अडकू लागली. गोळी सुटायची, पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसून राहायची. सैनिक पुढून सफाईची सळई घालून ती ठोकून काढायचे. सळई होती त्यांचं ठीक, कारण अनेकांना सफाईचं साहित्यच दिलेलं नव्हतं. या रायफलीला सफाई फारशी लागत नाही, असा समज पसरला होता. अशा अडकलेल्या रायफली हातात असताना मुलं मारली गेली आणि त्यांच्या आईवडिलांना उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

पहिला संशय साहजिकच एक्स्ट्रॅक्टरवर. पुंगळी ओढायचं काम त्याचं, ती निघत नाही, म्हणजे तोच कमजोर. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली तेव्हा धागा वेगळीकडे गेला. रायफल आयएमआर जातीची दारू धरून जमवली होती. लष्कराने पुढे काडतुसात गोल दाण्यांची बॉल पावडर आणली. गोळीचा वेग तेवढाच राहिला, पण गॅसच्या छिद्रापाशी दाब वाढला. कॅरियर जास्त जोरात आणि लवकर मागे जाऊ लागला, मिनिटाचा वेग वाढला.

याचा एक्स्ट्रॅक्टरवर परिणाम काय? गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरल्यावर आकसून सुटी होते. या आकसण्याला एक इवलासा क्षण लागतो. बोल्ट वेळेआधी फिरला तर एक्स्ट्रॅक्टर अजून भिंत धरून बसलेल्या पुंगळीला ओढू लागतो. आकडा निसटतो, नाहीतर पुंगळीची कड फाटते. त्यात नव्या दारूची काजळी जास्त, चेंबरला आतून क्रोम नाही, हवा दमट, त्यामुळे गंज आणि खड्डे. पुंगळी धरून ठेवायला एवढं पुरेसं होतं.

एक्स्ट्रॅक्टर आराखड्याप्रमाणेच बनलेला होता. त्याला मोजमाप लावलं असतं तर पास झाला असता. बदललं होतं ते त्याच्या भोवतीचं सगळं. पुढे चेंबरला क्रोम आलं, कॅरियरचा धक्का झेलणारा मागचा बफर बदलून वेग आवरला, सफाईचं साहित्य आणि शिक्षण मिळालं. बोल्टची मूळ रचना तीच ठेवूनही रायफल सुधारली आणि त्याच घराण्यातल्या रायफली अमेरिकी सैनिकांच्या हातात आजही आहेत.

"चाचणीचे आकडे तर असतात ना?"

असतात, पण ते वाचायला सवय लागते. २००७ साली अमेरिकी लष्कराने एम-४ कार्बाइनची धुळीतली चाचणी दोनदा घेतली. दोन्ही वेळी दहा कार्बाइन, प्रत्येकी सहा हजार, एकूण साठ हजार गोळ्या. उन्हाळ्यातल्या चाचणीत एम-४ तीनशे सात वेळा अडकली. त्याच वर्षी नंतरच्या चाचणीत ८८२ वेळा. सरासरीत सांगायचं तर एकदा सुमारे १९५ गोळ्यांमागे एक अडथळा, दुसऱ्यांदा ६८ गोळ्यांमागे. कार्बाइनचा प्रकार तोच, तरी जवळपास तिप्पट फरक.

दुसऱ्या चाचणीत एम-४ सोबत आणखी तीन रायफली होत्या: एक्सएम-८ फक्त १२७ वेळा अडकली, स्कार २२६ वेळा आणि एचके-४१६ २३३ वेळा. माध्यमांनी एम-४ला शेवटचा क्रमांक देऊन विषय संपवला. पण एम-४च्या ८८२ पैकी २३९ अडथळे मॅगझिनमुळे आलेले होते. बोल्टचा त्यात दोष नाही, मात्र सैनिकाच्या दृष्टीने रायफल अडकली ती अडकलीच. आणि एकाच शस्त्राचे दोन निकाल इतके लांब पडत असतील, तर एकाच चाचणीवरून दोन शस्त्रांची तुलना किती ताणायची हे जपूनच ठरवावं लागेल.

मग इंटरनेटवर एखादा माणूस एकच बोल्ट घेऊन हजारो गोळ्या झाडतो आणि 'बघा, काही झालं नाही' म्हणतो, त्याचं काय करायचं? त्यावरून एवढंच ठरतं की तो एक बोल्ट चांगला निघाला. कारखान्यातून निघणारा दहा हजारावा बोल्ट कसा असेल हे सांगायला भट्टीच्या नोंदी लागतात.

"एके कधीच अडकत नाही, मग तीच का नाही?"

एकेच्या घराण्यात गॅसचा दट्ट्या थेट कॅरियरला जोडलेला असतो. कॅरियर जड, जागा सैलसर, गॅस गरजेपेक्षा बराच जास्त. धूळ, चिखल, थोडी खराब दारू, सगळं तो आपल्या वजनाच्या जोरावर ओलांडून जातो. अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-२०३ याच वळणाची. बदल्यात हलणारं वजन वाढतं, जास्तीच्या जोराने आदळआपट होते आणि नेम धरून ठेवणं अवघड जातं.

मधला मार्ग म्हणजे एआरचीच ठेवण, पण गॅस आत न सोडता आखूड दट्ट्याने कॅरियरला टोला द्यायचा. भारतीय सैन्याने २०१९ मध्ये घेतलेल्या ७२,४०० सिग-७१६ रायफली अशा आहेत, २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या. आतली यंत्रणा स्वच्छ आणि थंड राहते. पण टोला कॅरियरच्या मध्यावर न बसता माथ्यावर बसतो, त्यामुळे कॅरियरची मागची बाजू खाली कलते आणि घासते. म्हणून या रायफलींचे कॅरियर मागच्या टोकाला वेगळे घडवावे लागतात. साध्या एआरचा उत्तम कॅरियर घेऊन यात बसवला, तर तो उत्तम असूनही निरुपयोगी.

"महाग तेच चांगलं, नाही का?"

अमेरिकेत राहणारे काही मराठी लोक रेंजवर नेमबाजीला जातात आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न खराच येतो. (भारतात तो येत नाही. शस्त्र कायदा १९५९ शस्त्राच्या सुट्या भागालाही शस्त्रच मानतो.) किमतीचा पहिला टप्पा कामाचा असतो. अगदी स्वस्त आणि मध्यम यांतला फरक बहुतेकदा तपासणीचा, स्टेकिंगचा आणि एक्स्ट्रॅक्टरच्या स्प्रिंगचा असतो, आणि तो मोजण्यासारखा आहे. मध्यम आणि अतिमहाग यांतला फरक बराचसा लेपाचा, नक्षीचा आणि नावाचा.

'मिल-स्पेक' हा शब्दही जपून घ्यावा. त्याचा अर्थ लष्करी आराखड्याबरहुकूम. लष्करी खरेदीत आराखड्याबरोबर सरकारी तपासनीस येतो, कागद मागतो, लॉट नाकारतो. बाजारातल्या मालावर तोच शब्द छापलेला असतो, पण माल नाकारणारा तो माणूस तिथे नसतो.

हलक्या कॅरियरबद्दल एक सावधगिरी. पूर्ण वजनाची जोडणी सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. स्पर्धेसाठी ती बरीच हलकी करून विकतात. वजन कमी झालं की बोल्ट लवकर उघडतो, म्हणजे व्हिएतनामात दारूने जे केलं तेच आपण हाताने करतो. गॅस, बफर आणि स्प्रिंग त्याला जुळवून घेतली तर ठीक, नुसताच कॅरियर बदलला तर नाही.

आपल्या कार्बाइनबाबत काय विचारावं

सव्वाचार लाख नगांत हजारात एक बोल्ट कच्चा निघाला, तरी सव्वाचारशे सैनिकांच्या हातात कच्चा बोल्ट जाईल. म्हणून 'चाचणीत पास' एवढं ऐकून थांबू नये. चाचणीला नेलेले नमुने निवडून घासूनपुसून नेलेले असतात. चौथ्या वर्षी, दिवसाचं लक्ष्य गाठायची घाई असताना बनलेला बोल्ट त्याच भट्टीच्या शिस्तीतून गेला का, हा प्रश्न आहे. प्रत्येक बोल्टची चुंबकीय तपासणी होते का? लॉटच्या नोंदी किती वर्षं ठेवतात? दोन उत्पादकांचे बोल्ट एकमेकांच्या कार्बाइनमध्ये चालतात का? पोलाद घडवणं आणि भट्टी सांभाळणं यात पुणे परिसराचा हात कोणी धरू नये इतका अनुभव इथे आहे. गाडीच्या क्रँकशाफ्टला जी शिस्त लागते तीच इथे लागते, म्हणून मला आशा वाटते.

दुसरी बाजू काडतुसांची, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आपल्या लष्कराची लहान शस्त्रांची बरीच काडतुसं वरणगावच्या कारखान्यात बनतात, जो आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाच्या छत्राखाली आहे. दारूचा प्रकार किंवा पुरवठादार बदलला तर तो नव्या कार्बाइनवर, थंडीत आणि उष्म्यात, पुन्हा तपासला जातो का? अमेरिकेने ही तपासणी टाळली त्याची किंमत वर सांगितलीच आहे.

आणि शेवटी युनिटमधला आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा. उत्तम बोल्टसुद्धा झिजणारी वस्तू आहे. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग मऊ पडते, ती वेळेवर बदलावी. एम-१६च्या रचनेत बोल्टच्या शेपटीवर तीन बारीक गॅस रिंगा असतात, त्यांची फट एका रेषेत आली तर गॅस गळतो अशी जुनी समजूत आहे, पण त्याने काही बिघडत नाही. रिंगा झिजल्या तर मात्र बिघडतं. तपासायला सोपं आहे: मोकळ्या केलेल्या जोडणीत बोल्ट पुढे ओढून ती बोल्टच्या तोंडावर उभी ठेवायची, कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा संपल्या. कॅम पिनच्या भोकाजवळ आणि एक्स्ट्रॅक्टरशेजारच्या दात्यांच्या मुळाशी भिंगातून पाहायचं. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत घालायचा तर गेज लावून चेंबरमधलं अंतर आधी मोजायचं, कारण दाते आणि खाचा एकमेकांबरोबर झिजत आलेले असतात. आणि कोणत्या कार्बाइनने किती गोळ्या झाडल्या याची वही ठेवायची, म्हणजे बोल्ट मोडायच्या आधी बदलता येतो.